‘बोलकी’चा शहाऐंशी सालचा अंक

“चपला बाहेर काढा,” म्हातारी म्हणाली. मी चपलांसकट आत गेलो. माझ्यामागून आमच्या कारखान्यातला म्हाळू आला आणि त्यानं आतून कडी लावली.

सांगलीच्या गावभागात, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर ती खोली होती. दुपारचे बारा वाजले असतील. खोलीभर जुन्या मासिकांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा सुती कापडात बांधलेला, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर साल. मधल्या टेबलावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर होता. तिथं बसलेली तिशीची बाई मऊ ब्रशानं एका अंकावरची धूळ झटकत होती. आमच्याकडं बघितल्याबरोबर तिनं तो अंक मिटला आणि छातीशी धरला.

“शहाऐंशी सालचे अंक कुठं आहेत?” मी विचारलं.

“कुणी पाठवलं तुम्हांला?” म्हातारीनं विचारलं. ती सत्तरीला आलेली, पांढऱ्या केसांची, बारीक. आवाज मात्र शाळेतल्या बाईंचा होता. “रावसाहेब खवाट्यांनी?”

मी तिच्या थोबाडीत मारली.

ही दोन हजार अकरा सालातली गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. रावसाहेब खवाटे म्हणजे माझे वडील, आण्णा. आमच्या गावात आमचे चौसष्ट यंत्रमाग होते, आण्णा तीनदा नगरसेवक झाले होते आणि आता त्यांना नगराध्यक्ष व्हायचं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला कारखान्यात बोलावून घेतलं होतं.

“सांगलीच्या त्या बाया परत उठल्यात,” ते म्हणाले. “‘बोलकी’ म्हणून मासिक काढायच्या पूर्वी. बायकांचं. त्यात माझी बदनामी छापली होती. ते रद्दीतनं गोळा करून आता कॉम्प्युटरवर घालायलेत म्हणं. सगळ्या जगानं वाचायला.”

“काय छापलं होतं?”

“बदनामी म्हणलं की.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “शहाऐंशी सालचे अंक हुडकायचे आणि जाळायचे. एक सुद्धा ठेवायचा न्हाई. मशीन बी फोडून ये.”

आण्णांना दुसऱ्यांदा विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. स्टोचा भडका उडाला, असं मला सांगितलेलं होतं. मी त्या दिवशी आत्याकडं होतो, असंही सांगितलेलं होतं. आईचा एकही फोटो घरात नव्हता. आण्णांनी दुसरं लग्न केलं, मी मोठा झालो, आणि आण्णा जे सांगतील ते करणारा माणूस झालो. भाडं थकवणाऱ्याला, संप करणाऱ्याला, विरोधात उभा राहणाऱ्याला मी असाच जाऊन भेटत होतो. मला त्याची लाज वाटत नव्हती. लोक मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं, हे खरं आहे.

म्हातारीनं गालावर हात ठेवला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

“रेहाना, त्यांना काय हवं ते घेऊ दे,” ती म्हणाली.

“नाही, निर्मलाताई,” टेबलाजवळची बाई म्हणाली. “एकेक अंक दारोदार हिंडून आणलाय. काहींची तर जगात दुसरी प्रत नाही.”

म्हाळूनं एव्हाना कपाटातले गठ्ठे खाली ओढायला सुरुवात केली होती. कापडं सुटली, अंक फरशीवर पसरले. पानांतून सुकलेला कडुनिंबाचा पाला गळत होता. १९७९, १९८२, १९९१. त्याला वाचायला येत नव्हतं, त्यामुळं तो सगळंच ओढत होता. मी स्कॅनरची वायर उपटली. रेहाना उठली आणि मशीनवर आडवी पडली.

“बाजूला हो.”

“होणार नाही.”

मी तिला केसांना धरून मागं ओढलं. तिनं उजव्या हातानं टेबलाची कड धरून ठेवली होती. कागद दाबून सपाट करायला म्हणून त्यांनी तिथं लोखंडी वजन ठेवलेलं होतं, पाच किलोचं. मी ते उचललं आणि तिच्या मनगटावर घातलं.

आवाज मोठा नव्हता. ओली काटकी मोडावी तसा. ती ओरडली नाही, नुसतं तोंड उघडलं. मग ती टेबलाखाली बसली आणि तिथं तिला उलटी झाली. मी तेच वजन स्कॅनरच्या काचेवर दोनदा टाकलं, मग कॉम्प्युटरच्या डब्यावर.

निर्मलाताई माझ्यावर धावून आली. तिनं माझा शर्ट दोन्ही हातांनी धरला.

“तिला नको! तिचा काही संबंध नाही. मार, मला मार. मला मारायचा तुला हक्क आहे.”

असलं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. लोक गयावया करतात, शिव्या घालतात, देवाची शपथ घालतात. हक्क आहे असं कुणी म्हणत नाही. मला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे.

“पण वाच आधी,” ती म्हणाली. “वाचून मग जाळ. एवढं ऐक माझं, सुरेंद्र.”

मी नाव सांगितलं नव्हतं. म्हाळू मला नेहमी ‘मालक’ म्हणायचा.

“माझं नाव कुणी सांगितलं?”

“डोळे तिचेच आहेत तुझे. दारात बघितलं तेव्हाच ओळखलं.”

तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला का इतका राग आला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तिला जोरात ढकललं. ती उंबऱ्यावर कमरेवर पडली. उठायला गेली आणि तिला उठता येईना. पाय भलत्याच दिशेला वळला होता. म्हाळू म्हणाला, “मालक, चला आता.” मी म्हणालो, “गठ्ठे उचल.”

आम्ही गठ्ठे खालच्या अंगणात टाकले. गाडीत रॉकेलचा कॅन आणलेलाच होता. मासिकं अशी सहज जळत नाहीत. जाड गठ्ठा वरवर काळा होतो, आत कोराच राहतो. मी काठीनं ते उलटेपालटे करत होतो आणि वरून त्या म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं. शेजारच्या खिडक्या आधी उघडल्या, मग मिटल्या. एका मुखपृष्ठावर डोक्यावर सुताची बाचकी घेतलेली बाई होती. ती कडेकडेनं जळत गेली. मी आण्णांना फोन लावला.

“झालं.”

“सगळे?”

“सगळे.”

“शाबास,” आण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात दोन-तीनदाच ऐकला असेल. परत येताना मी वाटेत गाडी थांबवून म्हाळूला मिसळ खाऊ घातली.

तिसऱ्या दिवशी मला अटक झाली. रेहाना मुल्लाणीनं दवाखान्यातून, डाव्या हाताचा अंगठा उठवून, फिर्याद दिली होती. चौदा दिवसांनी जामीन मिळाला. आण्णांनी चांगला वकील दिला होता. दोन-अडीच महिन्यांनी पोलिसांनी कोर्टात दोषारोपपत्र दाखल केलं आणि त्याची नक्कल आम्हांला मिळाली. वकिलानं मला त्याच्या ऑफिसात बोलावलं.

“बाकी काही विशेष नाही,” तो म्हणाला. “फक्त सत्तेचाळीस ते एक्कावन्न ही पानं बघून ठेवा. तुमचा हेतू दाखवायला म्हणून लावलीत. जुन्या मासिकाची छायाप्रत आहे. मूळ अंक नाही, त्यामुळं आपण हरकत घेऊ.”

“मूळ अंक जळाले. मग हे कुठनं आलं?”

“अहो, शहाऐंशीचे अंक त्यांनी आठ दिवस आधीच स्कॅन करून पाठवले होते. पुण्याला, आणखी कुठं कुठं. तुम्ही गेलात तेव्हा त्यांचं नव्वद साल चालू होतं.” तो हसला. “तुम्ही नुसता कागद जाळलात.”

त्याच्या ऑफिसाबाहेर पायऱ्या होत्या. तिथं बसून मी सत्तेचाळिसावं पान काढलं.

वर छापलं होतं : ‘शकुंतला खवाटे यांनी सांगितलेलं. सरकारी दवाखाना, भाजलेल्यांचा वॉर्ड. शब्द त्यांचे आहेत, आम्ही फक्त उतरवून घेतले.’ खाली माझी आई बोलत होती.

‘चार वाजता आला. माग बंद होते, लाईट नव्हती. हातात तुमचं पत्र, ताई. म्हणाला, घरातलं बाहेर लिहितीस काय, भवाने. मी म्हणलं, नाव कुठं घातलंय मी. मग पट्ट्यानं मारलं. ते रोजचंच होतं. पण आज त्यानं रॉकेलचा डबा घेतला. स्टो पेटलेलाच नव्हता ओ ताई, लिहा तुम्ही, स्टो फडताळाखाली होता. डबा त्यानं वतला आणि काडी बी त्यानंच वडली. सुऱ्या दारात उभा होता. त्यानं माठ वडला माझ्याकडं. एवढंसं पोर, त्याला पेलतोय का माठ? फुटला. खापरीनं त्याचा पाय कापला. तरी वंजळीनं फरशीवरचं पाणी माझ्यावर मारत हुता. त्याच्याकडं बघा कुणीतरी. त्याच्या पायाला टाके घालायला पाहिजेत.’

मी चप्पल काढली आणि डाव्या पायाचा तळवा वर करून बघितला. तिथं आडवा वण आहे. काचेवर पाय पडला होता, असं आत्या सांगायची.

पुढं मासिकानं लिहिलं होतं : ‘फौजदार घरी आले तेव्हा सहा वर्षांचा सुरेंद्र त्यांना म्हणाला, “आण्णानं आईला पेटवलं. मी बघितलं.” हे शेजारच्या तीन बायकांनी ऐकलं. फौजदारांनी पोराला बाहेर न्यायला सांगितलं. पंचनाम्यात स्टोचा स्फोट अशी नोंद आहे. शकुंतलाबाईंचा जबाब घ्यायला कुणी आलं नाही. त्या सोळा तारखेला पहाटे वारल्या. मुलाचं बोलणं कुठल्याही सरकारी कागदात नाही. ते कुठंतरी राहावं म्हणून आम्ही इथं छापत आहोत.’

शेवटच्या पानावर संपादकांची चौकट होती. ‘शकुंतलाबाईंनी नाव न घालता आम्हांला पत्र पाठवलं. ते जूनच्या अंकात छापलं. पाकिटावर पत्ता होता. त्यांना धीर द्यावा म्हणून मी उत्तर लिहिलं आणि ते त्याच पत्त्यावर, घरी, पोस्टानं पाठवलं. ते नवऱ्याच्या हातात पडलं. मी विचार करायला हवा होता. केला नाही. — निर्मला आवटी.’

मी पायऱ्यांवरून उठलो तेव्हा गाडीपाशी थांबलेला म्हाळू म्हणाला, “मालक, पाय अनवाणी हाय तुमचा.” मी तसाच गाडीत बसलो.

कारखान्यात चौसष्ट माग चालू असले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आण्णांची केबिन शेडच्या टोकाला होती. मी आत जाऊन दार लावलं, तरी ओरडूनच बोलावं लागत होतं. मी पाचही पानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ‘एवढंसं पोर’ या शब्दांपाशी आलो. मी थांबलो, पाणी प्यायलो, आणि परत वाचायला लागलो. आण्णांनी मध्ये अडवलं नाही. एकदा फक्त मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“झालं वाचून?”

“खरं आहे का हे?”

“सहा वर्साचं पोर काय बी बोलतंय.”

“म्हणजे मी बोललो होतो.”

आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

“मी आत्याकडं होतो ना त्या दिवशी?”

“वर्सभर ठेवला होता तुला तिच्याकडं,” ते म्हणाले. “रोज सकाळी इचारायची तुला, काय झालं रे आईला? तू चुकीचं बोललास की जेवण न्हाई. पंधरा दिवस उपाशी झोपायचास. मग लागलास म्हणायला, स्टोचा भडका झाला. मग लाडू द्यायची.” त्यांनी पुढचा कागद ओढून घेतला, जणू विषय संपला होता. “तुझ्या भल्यासाठीच केलं. आईबापाविना वाढला असतास. एक तर गेलीच होती, दुसरा फासावर.”

मी टेबलावरून हात घालून त्यांना गचांडीला धरलं आणि भिंतीवर आपटलं. मग तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. त्यांचा ओठ फुटला, चष्मा पडला. मी तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा ते हसले. दातांत रक्त होतं.

“मार की,” ते म्हणाले. “माझाच हात हाय त्यो. मीच घडवलाय.”

हात तसाच वर राहिला. मला रेहानाचं उघडं तोंड दिसलं आणि तो ओल्या काटकीचा आवाज ऐकू आला, चौसष्ट माग चालू असताना. मी हात खाली घेतला. केबिनच्या काचेतून कामगार बघत होते. माग कुणीही बंद केला नव्हता.

त्या दिवशी मी घर सोडलं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?” वकिलानं माझ्या कोपराला चिमटा काढला. मी म्हणालो, “कबूल आहे. मी मारलं, मी मोडलं, मी जाळलं. मला माझ्या वडिलांनी पाठवलं होतं, आणि का पाठवलं होतं ते पान सत्तेचाळीस ते एक्कावन्नवर आहे.” मला अडीच वर्षं सक्तमजुरी झाली. आण्णांचं नाव घेऊन मी जेलमधून तीन अर्ज केले, आईच्या मृत्यूची चौकशी परत करा म्हणून. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं : जुनी कागदपत्रं आढळून येत नाहीत. तिसऱ्या अर्जाला मी त्या पानांची छायाप्रत जोडली. त्यावर एका अधिकाऱ्यानं येऊन माझा जबाब घेतला, दोन तास बसला. त्यापुढं काही झालं नाही. आण्णा नगराध्यक्ष झाले. चार वर्षांनी झोपेत गेले. गाव बंद होतं त्या दिवशी, असं म्हाळूनं सांगितलं. मी गेलो नाही.

निर्मलाताई त्या दुपारनंतर कधी चालली नाही. मी आत असतानाच ती वारली. तिच्याशी जे बोलायचं होतं ते मला बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर काय बोललो असतो तेही मला माहीत नाही.

सुटल्यावर दोन महिने मी हिंमत धरत होतो. मग एका सोमवारी सकाळी अकरा वाजता रेहाना मुल्लाणीकडं गेलो. ती आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तेच काम करत होती. तिनं मला बघितलं आणि खुर्चीतून न उठता शेजारच्या शिपाईबाईंना म्हणाली, “मावशी, तुम्ही इथंच थांबा. आणि दार उघडं ठेवा.”

मी दाराशीच उभा राहिलो. यावेळी चपला बाहेर होत्या.

“माफी मागायला आला असाल तर नको,” ती म्हणाली. “माझं मनगट वळत नाही. वेणी घालता येत नाही मला. ताईंचं तर विचारूच नका. तुमच्या माफीचं मी काय करू?”

“नाही,” मी म्हणालो. “जूनचा अंक वाचायला मिळेल का, म्हणून आलोय. आईचं पहिलं पत्र. कोर्टाच्या कागदांत ते नव्हतं.”

तिनं डाव्या हातानं तो अंक शोधून काढला. मग कॉम्प्युटरचा पडदा माझ्या बाजूला वळवला.

पत्र दीड पानाचं होतं. खाली ‘एक वाचक’ एवढंच. त्यात मार होता, पट्टा होता. पण सगळं पत्र त्याबद्दल नव्हतं. अर्ध्याहून जास्त पत्र मागावर काम करणाऱ्या बायकांबद्दल होतं. कामाच्या पाळीत त्यांना बाहेर सोडत नाहीत, तान्ही पोरं सुताच्या ढिगावर निजवतात, त्यांच्या कानांचं काय होतं. ‘माझ्याच घरचा कारखाना आहे म्हणून मला दिसतं,’ असं तिनं लिहिलं होतं. तिला हसू येत असावं, कारण एका ठिकाणी तिनं आण्णांच्या देवपूजेची नक्कल केली होती. मी आईला हसताना कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

“ताईंच्या मनात होतं, हे पत्र नावानं यावं,” रेहाना म्हणाली. “दोघी-तिघी विद्यार्थिनींनी यंत्रमागाच्या बायकांवर अभ्यास केला, तर सगळ्या हेच पत्र वापरतात. त्या काळातलं दुसरं कुणी लिहिलेलंच नाही. पण त्यांनी स्वतः पत्राखाली नाव घातलं नव्हतं, म्हणून ते छापायला वारसाची परवानगी लागते.” तिनं ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. “वारस तुम्हीच.”

तिनं फॉर्म टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला, माझा हात लागू नये म्हणून. मी खाली वाकून लिहायला लागलो. लेखिकेचं नाव : शकुंतला रावसाहेब खवाटे. मी ते खोडलं. शकुंतला बापू वाघमोडे, असं माहेरचं नाव लिहिलं. गावाचं नाव. साल. मग ‘लेखिकेशी नातं’ असा रकाना होता. तिथं मी एकच शब्द लिहिला, पण इतक्या घाईनं की तो दोन ओळींवर सांडला.

रेहानानं कागद डाव्या हातानं उचलून जवळून बघितला.

“हे वाचता येत नाही,” ती म्हणाली, आणि दुसरा फॉर्म पुढं सरकवला. “परत लिहा.”

मी परत लिहिलं. मुलगा.